उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि माझा रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर

घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर कॉम्प्युटरमध्ये कोणते पार्ट घ्यावेत? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एका यादीत मिळतं. अमुक प्रोसेसर, एवढी रॅम, तमुक साउंडकार्ड. मीही अशीच यादी केली, त्यावर पैसे घातले आणि पहिला प्रयत्न साफ फसला. दुसऱ्यांदा पार्ट निवडताना मला सगळ्यात जास्त ज्यांनी शिकवलं त्यांनी कॉम्प्युटर कधी पाहिलाच नव्हता. ते १९३७ सालीच गेले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

त्यामुळे आजच्या लेखात दोन गोष्टी सोबत सांगतो: खाँसाहेबांचं आयुष्य आणि त्यातून मला सुचलेली पार्टांची निवड. घरी आवाज रेकॉर्ड करायचा विचार असेल तर दोन्ही उपयोगी पडतील.

आधी माझी अडचण

मी भिवंडीत कामतघरला राहतो. आमच्या घराची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत जवळजवळ एकच आहे. धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीचा ठोका जमिनीतून घरात येतो. लहानपणापासून ऐकल्यामुळे आम्हाला तो ऐकूच येत नाही. मायक्रोफोनला मात्र येतो.

आमचे गुरुजी आता ७८ वर्षांचे आहेत. गावातल्या मुलांना त्यांनी चाळीस वर्षं गाणं शिकवलं. त्यांच्याकडे किराण्याच्या कितीतरी बंदिशी आहेत. काही वहीत आहेत, पण बऱ्याचशा फक्त गळ्यात. वही वाचून शब्द कळतात, ती जागा कशी घ्यायची ते कळत नाही. गेल्या वर्षापासून त्यांचा आवाज कमी होऊ लागला. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं नीट लागतो, मग बसतो. डॉक्टरांनी ताण देऊ नका असं सांगितलंय. म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, ६०,००० रुपये जमले, आणि मला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी एका दुकानात गेलो आणि म्युझिक रेकॉर्डिंगसाठी मशीन हवंय असं सांगितलं. दुकानदाराने गेमिंगचं मशीन बांधून दिलं. काचेचा कॅबिनेट, दिवे लावलेले सहा फॅन, ग्राफिक्स कार्ड. मायक्रोफोनसाठी पैसे उरलेच नाहीत, म्हणून एक स्वस्तातला यूएसबी मायक्रोफोन घेतला. पहिलं रेकॉर्डिंग गुरुजींना हेडफोनवर ऐकवलं. त्यात फॅनचा सूं सूं आवाज होता, मागाचे ठोके होते, दोन ठिकाणी आवाज तुटला होता. गुरुजींनी शांतपणे सगळं ऐकलं आणि फक्त एकच विचारलं, तंबोरा कुठे गेला? मग म्हणाले की खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐक, शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्रावर काय उतरलंय ते बघ.

लोकांच्या वर्गणीचे पैसे होते. त्या रात्री झोप लागली नाही.

कैराना ते बडोदा

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. हेच गाव घराण्याच्या नावात आलं आणि आपल्याकडे किराणा झालं. वाण्याच्या किराण्याशी त्याचा काही संबंध नाही. घरात पिढीजात गाणं आणि सारंगी. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण झालं. गाण्याबरोबर सारंगी, बीन, सतार, तबला यांवरही त्यांचा हात चालायचा. सुरुवातीला ते भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत जोडीने गात.

तरुण वयातच ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तिथे त्यांची ओळख ताराबाई माने यांच्याशी झाली. ताराबाई सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या, म्हणजे राजघराण्याशी नात्यातल्या. मुस्लिम गवई आणि सरदाराची मुलगी, हे लग्न बडोद्यात शक्य नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबईला आले. दरबारची नोकरी, मान, सुरक्षितता सगळं मागे राहिलं. त्यानंतर त्यांचं आयुष्य महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलं. आज महाराष्ट्रात आणि धारवाड-हुबळीकडे किराण्याची गायकी एवढी रुजलेली दिसते, त्याचं मूळ या निघून येण्यात आहे.

मिरजेचा तंबोरा आणि फॅनचा आवाज

पुढे खाँसाहेबांचं घर झालं ते मिरज. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे बनतात. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे. तंबोरा लावण्यात ते कितीही वेळ घालवत. त्यांचं गाणं सुराचं गाणं, आणि सूर उभा राहतो तंबोऱ्यावर.

तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार किंचित घासत कंप पावते. तारेखाली बारीक दोरा सरकवून तो घासण्याचा बिंदू नेमका पकडतात. त्याला आपण जवारी काढणं म्हणतो. जवारी जमली की एका तारेतून मूळ सुरासोबत वरचे अनेक स्वर, म्हणजे स्वयंभू स्वर, झणझणत बाहेर येतात. हे वरचे स्वर नाजूक असतात. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नेमके तेच गेले होते. फॅनचा सूं सूं आवाज त्याच पट्ट्यात पसरलेला असतो, त्याने ते झाकून टाकले.

इथे पार्ट निवडण्याचा पहिला नियम कळला. रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरमध्ये वेगाच्या आधी शांतता बघायची. मी हे बदल केले:

ग्राफिक्स कार्ड काढलं. आवाज रेकॉर्ड करायला त्याचा काहीच उपयोग नाही. उलट त्याचे फॅन आणि लोड आल्यावर कॉइलमधून येणारी बारीक शिट्टी त्रास देते. पण इथे एक खड्डा होता. दुकानदाराने दिलेला प्रोसेसर होता कोअर आय५-१२४००एफ. शेवटच्या एफचा अर्थ असा की त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं तर स्क्रीनच चालणार नाही. थोडं नुकसान सोसून तो बदलून साधा आय५-१२४०० घेतला. त्यात तेच सहा कोअर आहेत आणि अंगचं ग्राफिक्सही आहे. एका अक्षराचा फरक, पण खरेदीआधी बघाच.

कंपनीचा छोटा कूलर काढून उंच टॉवर कूलर लावला. मोठा फॅन हळू फिरला तरी तेवढीच हवा ढकलतो, आणि हळू फिरणारा फॅन कमी ओरडतो. सहा फॅनऐवजी दोनच ठेवले. बायोसमध्ये जाऊन साठ अंशांपर्यंत फॅन संथ राहतील असं सेटिंग केलं.

हार्ड डिस्क मशीनच्या आत ठेवलीच नाही. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे १२० हर्ट्‌झची घरघर. गुरुजींचा षड्ज काळी एकचा, साधारण १३९ हर्ट्‌झ. दोन्ही इतके जवळ की नंतर वेगळे करणं अवघड जातं. आत फक्त ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. ती फिरत नाही, त्यामुळे आवाजही नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: पाच मीटरची वायर घेऊन कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत ठेवला.

कर्ण्यासमोर गाणारे खाँसाहेब

भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झालं, त्यात गौहर जान यांचाही आवाज होता, आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग त्यासाठी आले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांतच, १९०५ च्या सुमारास, तिशीतल्या अब्दुल करीम खाँ यांच्याही तबकड्या निघाल्या.

तेव्हाचं यंत्र कसं होतं ते समजून घ्या, कारण ते आजही उपयोगी आहे. वीज नाही, मायक्रोफोन नाही, ॲम्प्लिफायर नाही. एक मोठा कर्णा. गायकाने त्याच्या तोंडाशी जवळजवळ तोंड घालून गायचं. हवेच्या दाबाने कर्ण्याच्या शेवटचा पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर रेघ ओढायची. साधारण २०० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा नीट उतरायचा. आवाज वाढवण्याची सोय नसल्यामुळे जे काही जोर लावायचं ते गळ्यानेच. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच आणि टोकदार. तो या यंत्राला मानवला. आणि एका बाजूला वेळ मिळायचा जेमतेम तीन मिनिटं. मैफलीत तासभर एकेका स्वराची बढत करणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत राग उभा करायचा होता.

या जुन्या तबकड्यांत घरघर आहे, पण गाणं समोर आहे. का? कारण गायक यंत्राच्या जवळ होता. हा साधा हिशोब मी विसरलो होतो. माझा मायक्रोफोन गुरुजींपासून ६० सेंटिमीटरवर टेबलावर होता. मायक्रोफोन आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ६० वरून १५ सेंटिमीटरवर आणला की १२ डेसिबल. मागाचा आवाज मात्र खोलीभर सारखाच असतो, तो वाढत नाही. म्हणजे एक रुपया खर्च न करता गाणं गोंगाटाच्या १२ डेसिबल वर आलं. तोंड थोडं तिरकं ठेवावं लागतं, नाहीतर प-फ-भ चे फुत्कार येतात आणि खर्ज फुगतो.

मायक्रोफोनही बदलला. इंटरनेटवर बहुतेक जण कंडेन्सर घ्या असं सांगतात. कंडेन्सर जास्त बारकावे टिपतो हे खरं, पण तो लांबचंही टिपतो. शांत खोली असेल तर जरूर घ्या. आमच्यासारखी भिंतीला माग लागलेली खोली असेल तर जवळून गायचा डायनॅमिक मायक्रोफोन बरा. शुअर एसएम५८ किंवा एसएम५७ हे त्यातले ओळखीचे. गुरुजींसाठी एक असा डायनॅमिक घेतला आणि तंबोऱ्यासाठी एक साधा कंडेन्सर, तंबोऱ्याच्या घोडीजवळ, मागच्या भिंतीकडे पाठ करून.

हे दोन्ही कॉम्प्युटरला जोडायला ऑडिओ इंटरफेस लागतो. मदरबोर्डवरच्या गुलाबी भोकात हे मायक्रोफोन लावता येत नाहीत. इंटरफेस घेताना तीन गोष्टी बघितल्या: दोन मायक्रोफोनची सोय, कंडेन्सरसाठी ४८ व्होल्टचं बटण, आणि साठ डेसिबलच्या आसपास गेन. डायनॅमिक मायक्रोफोनचा सिग्नल कमजोर असतो, गेन अपुरा असेल तर आवाज उचलताना नुसती खरखर उचलली जाते.

ग्राफिक्स कार्ड विकून आलेल्या पैशांत इंटरफेस आणि दोन्ही मायक्रोफोन बसले. माझं म्हणणं हेच आहे की संगीताच्या मशीनचं बजेट कॅबिनेटच्या आत नाही, बाहेर जातं.

बावीस श्रुती आणि २४ बिट

खाँसाहेबांच्या आयुष्यात एक भाग आहे जो तंत्रज्ञानवाल्यांना आवडेल. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना श्रुतींचं मोजमाप करायचं होतं. सप्तकात बावीस श्रुती म्हणतात, मग त्यांची कंपनं नेमकी किती? त्यांच्यासोबत जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी होते. मोजायला खात्रीचा सूर हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. ते गात, आणि तारेच्या लांबीवरून स्वराचं गणित मांडलं जाई. देवलांचं या विषयावरचं पुस्तक १९१० साली निघालं. पुढे श्रुतींसाठी खास हार्मोनियमही तयार करून घेतलं गेलं. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय चर्चेला आला आणि त्यावर वादही झाले.

त्या काळात परंपरेने शिकलेला गवई आपला गळा असा मोजपट्टीसमोर ठेवायला तयार झाला, ही मोठी गोष्ट होती.

यातून आपल्याला काय घ्यायचं? पहिलं म्हणजे सॉफ्टवेअरमधलं सूर दुरुस्त करणारं फीचर बंद ठेवा. ते बहुधा सप्तकाचे बारा समान भाग करून गाणाऱ्याला जवळच्या भागावर ढकलतं. तोडीतला गंधार किंवा दरबारीतला आंदोलित गंधार त्या बारांत बसत नाही. यंत्राला जे बेसूर वाटतं तोच राग असतो.

दुसरं, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर करा. ४८ किलोहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, त्यातून २४,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पकडता येतो. माणसाचा कान २०,००० पर्यंतच जातो, त्यामुळे ९६ किंवा १९२ चा हट्ट नको. २४ बिटचा फायदा मात्र खरा आहे. १६ बिटमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर सिद्धांताने ९६ डेसिबल, २४ बिटमध्ये १४४. त्यामुळे लेव्हल शून्याच्या १२ डेसिबल खाली ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं. गुरुजींनी अचानक तार षड्ज लावला तरी आवाज फाटत नाही.

तिसरं, इंटरफेस आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. जुन्या तबकड्या वेगवेगळ्या वेगाने फिरायच्या, त्यामुळे त्या काळचे गायक नेमक्या कुठल्या पट्टीत गात होते यावर आजही वाद होतात. तसंच ४४.१ वर केलेली फाइल ४८ ची समजून वाजवली तर सूर जवळजवळ दीड स्वरस्थान वर जातो. पुढची पिढी म्हणेल गुरुजींची पट्टी उंच होती.

रेकॉर्डिंगला किती ताकद लागते

दोन मायक्रोफोन, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. हिशोब करा: मिनिटाला साधारण १७ एमबी, तासाला जेमतेम १ जीबी. आजचा कुठलाही प्रोसेसर हे सहज पेलतो. मग माझ्या पहिल्या मशीनवर आवाज तुटत का होता?

कारण बफर. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नाही, छोट्या बादल्यांनी घेतो. १२८ नमुन्यांची बादली ४८ किलोहर्ट्‌झवर २.७ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्यात प्रोसेसर हजर झाला नाही की बादली सांडते आणि टक् असा आवाज येतो. प्रोसेसर कमजोर नव्हता. वाय-फायचा ड्रायव्हर मधेच त्याला अडवून ठेवत होता. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवल्यावर ते दिसलं. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद केलं आणि बफर ५१२ केला, म्हणजे साधारण १०.७ मिलिसेकंद. गायकाला स्वतःचा आवाज इंटरफेसमधून थेट ऐकता येतो, त्यामुळे हा उशीर त्याला जाणवत नाही. तेव्हापासून आवाज एकदाही तुटलेला नाही.

रॅम १६ जीबी ठेवली, ८-८ च्या दोन पट्ट्या. नुसत्या गळ्याच्या रेकॉर्डिंगला ८ पण चालली असती. वाद्यांच्या नमुन्यांवर संगीत रचणाऱ्यांना ३२ लागेल. तुमचं काम कोणतं ते आधी ठरवा.

पुणे, ताटातूट आणि दुसरी प्रत

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. घराण्याची विद्या घरातच ठेवायच्या त्या दिवसांत त्यांनी ती होतकरू मुलांसाठी खुली केली. कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकले आणि सवाई गंधर्व म्हणून प्रसिद्ध झाले. सुरेशबाबू, हिराबाई अशी स्वतःची मुलंही याच वातावरणात वाढली.

मग १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली, आडनाव माने झालं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई. खाँसाहेब मिरजेला राहिले. संसार मोडला, पण गाणं मोडलं नाही. मुलांनी ते आईच्या घरात, चुलते अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीत, पुढे नेलं. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांनी स्त्रियांसाठी मैफलीचं व्यासपीठ मोकळं केलं. दुसरीकडे शिष्यांच्या वाटेने सवाई गंधर्वांकडून गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशी साखळी झाली. एकाच घरात साठवलेली विद्या असती तर त्या ताटातुटीत तिचं काय झालं असतं सांगता येत नाही.

बॅकअपचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आमचं रेकॉर्डिंग एसएसडीवर आहे, रोज संध्याकाळी १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर जातं, आणि तिसरी प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या घरी, पद्मानगरला. पावसाळ्यात भिवंडीत पाणी कुठे भरेल सांगता येत नाही. एकाच घरात तीन प्रती म्हणजे एकच प्रत.

शेवटचा तंबोरा

१९३० च्या दशकात खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं झाली ती विजेच्या मायक्रोफोनवर, ओडियन कंपनीसाठी. ख्याल, ठुमऱ्या, मराठी नाट्यपदं, कर्नाटक संगीतातली रचनाही. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मान होता आणि दक्षिणेतलं गाणं त्यांनी मनापासून ऐकलं होतं, सरगमची ओढ तिथूनच आली असं मानतात. गदगच्या एका दुकानात त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून लहानगा भीमसेन वेडा झाला आणि गाणं शिकायला घर सोडून पळाला, ही हकीगत तुम्ही ऐकली असेल. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग एवढं करू शकतं.

२७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा लावून घेतला, दरबारीत प्रार्थना गायली आणि तिथेच शांत झाले. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथे गायक हजेरी लावतात.

त्या फलाटावर त्यांच्याजवळ काय होतं? सुरात लावलेला एक तंबोरा. बाकी सगळं त्याच्या नंतर.

आमचं काय झालं

शेवटच्या दोन गोष्टी विजेच्या. आमच्या जुन्या घरात अर्थिंग नव्हतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्‌झची गुणगुण. वायरमनकडून नवं अर्थिंग करून घेतल्यावर ती गेली. एक छोटा यूपीएस घेतला, म्हणजे लाइट गेली तरी चाललेली बंदिश वाया जात नाही.

मागाच्या ठोक्यांसाठी मायक्रोफोनचे स्टँड घडी केलेल्या गादीवर ठेवले. गुरुजींच्या मायक्रोफोनवर ८० हर्ट्‌झखालचं सगळं फिल्टरने कापलं. त्यांचा मंद्र पंचम १०४ हर्ट्‌झचा, त्याला धक्का लागत नाही. तंबोऱ्याच्या मायक्रोफोनवर मात्र हा फिल्टर लावू नका. काळी एकला खर्जाची तार ६९ हर्ट्‌झवर बोलते, ती कापली जाईल.

आणि कारखान्यात सकाळी पाळी बदलताना माग अर्धा तास थांबतात. गुरुजींचा आवाजही तेवढाच वेळ लागतो. आम्ही तीच वेळ धरली. सात आठवड्यांत अकरा बंदिशी झाल्या. नवव्या बंदिशीच्या शेवटी माग सुरू झाल्याचा पहिला ठोका आलाय. मी तो कापायला निघालो होतो. गुरुजींनी नको म्हणून सांगितलं, भिवंडीत गायलंय हे कळू दे.

त्यांनी पूर्ण रेकॉर्डिंग ऐकल्यावर काही बोलले नाहीत. डोळे मिटून तंबोरा ऐकत बसले. वर्गणीचे पैसे कारणी लागले असं मला तेव्हा वाटलं.

तुमच्या घरात असा कुणाचा आवाज असेल, आजीच्या ओव्या, वडिलांची भजनं, तर खरेदी याच क्रमाने करा:

- आधी वेळ आणि खोली: सगळ्यात शांत अर्धा तास कोणता ते शोधा
- मग मायक्रोफोन आणि इंटरफेस: खोलीत गोंगाट असेल तर डायनॅमिक
- मग प्रोसेसर: सहा कोअरचा, अंगचं ग्राफिक्स असलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नको
- मोठा संथ कूलर, कमी फॅन, चांगल्या दर्जाचा पॉवर सप्लाय
- १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी
- बॅकअपची डिस्क आणि दुसऱ्या घरात एक प्रत
- अर्थिंग आणि यूपीएस

आणि पार्ट यायची वाट बघत थांबू नका. पार्ट पुढच्या वर्षीही मिळतील. आज मोबाइल जवळ धरून एक गाणं तरी घेऊन ठेवा.